ॲल्युमिनियमचे बॉयलर आणि खारा वारा : गळती व गंज यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोलीपासून मालवणपर्यंत हॉटेल, रिसॉर्ट आणि होमस्टे चालवणाऱ्या मंडळींकडून, तसेच गावचे घर वर्षातून दोनदा उघडणाऱ्या चाकरमान्यांकडून आमच्याकडे जे प्रश्न सतत येतात, ते येथे एकत्र केले आहेत. येथे बॉयलर म्हणजे गॅसवर चालणारा, पाणी १०० अंश सेल्सिअसच्या खालीच तापवणारा आणि ॲल्युमिनियमचा हीट एक्स्चेंजर (ज्वाळेची उष्णता पाण्याला देणारा भाग) असलेला आधुनिक बॉयलर समजावा. हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारे यंत्र), सोलर आणि साधा गिझर यांचे प्रश्न शेवटाकडे घेतले आहेत.

१. ॲल्युमिनियमला गंज चढत नाही, असे सगळेच म्हणतात. मग त्याच्या बॉयलरची एवढी काळजी कशाला?

लोखंडावर चढतो तसा तांबडा गंज ॲल्युमिनियमवर चढत नाही, एवढाच या समजुतीचा खरा भाग आहे. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर हवा लागताच ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर तयार होतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागांइतकीच असते, पण खालच्या धातूचे रक्षण तोच करतो. हा थर आम्लात विरघळतो आणि अल्कातही विरघळतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोलकढी किंवा आमसुलाचे सार ठेवू नये, हे आपल्याकडे प्रत्येक स्वयंपाकघरात ठाऊक असते; त्याच पातेल्यात धुण्याच्या सोड्याचे पाणी उकळले तर ते काळे पडते आणि तळातून बारीक बुडबुडे सुटतात, हे मात्र थोड्यांनीच पाहिलेले असते. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात आणि त्या वेळी धातू झिजत असतो. बॉयलरच्या आत हेच घडते, फक्त झाकण बंद असल्यामुळे दिसत नाही.

२. असे असेल तर उत्पादक ॲल्युमिनियम वापरतात तरी का? स्टेनलेस स्टीलचा घेतला की प्रश्न मिटला, नाही का?

ॲल्युमिनियम उष्णता स्टेनलेस स्टीलच्या सुमारे दहापट वाहून नेते, त्याची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असते आणि ओतकामात त्याला बारीक पाती व वळणदार वाटा सहज देता येतात. त्यामुळे लहानशा, हलक्या बॉयलरमध्येही धुरातली उष्णता जवळजवळ शेवटपर्यंत काढून घेता येते. स्टेनलेस स्टील उत्तम असले तरी किनाऱ्यावर निर्धास्त राहता येईल असे नाही. पाण्यात क्लोराइड (मिठातला एक घटक) असेल आणि तापमान ६० अंशांच्या वर असेल, तर ३०४ प्रतीच्या स्टीलला ताण असलेल्या जागी, विशेषतः वेल्डिंगजवळ, केसासारख्या चिरा जातात. मॉलिब्डेनम असलेली ३१६ प्रत अधिक टिकते, पण तीही अमर नाही. आमच्या मते धातू निवडण्यापूर्वी पाणी तपासावे. इथले बहुतेक लोक उलट क्रमाने जातात.

३. आमच्या विहिरीचे पाणी गोड आहे. ते थेट बॉयलरमध्ये सोडले तर चालेल ना?

चालणार नाही, आणि याची दोन वेगळी कारणे आहेत.

पहिले कारण रचनेचे आहे. ॲल्युमिनियमचा हीट एक्स्चेंजर बंद सर्किटसाठी बनवलेला असतो. त्यात एकदा भरलेले पाणीच वर्षानुवर्षे फिरत राहते आणि आंघोळीचे पाणी दुसऱ्या, पातळ पत्र्यांच्या (प्लेट) हीट एक्स्चेंजरच्या पलीकडच्या बाजूने, स्वतंत्र वाटेने तापते. नळाला जाणारे ताजे पाणी ॲल्युमिनियममधून नेले, तर प्रत्येक बादलीबरोबर नवा ऑक्सिजन आणि नवे क्षार आत जातात.

दुसरे कारण आपल्या जमिनीचे आहे. जांभ्या खडकातून झिरपलेले पाणी चवीला गोड आणि मृदू असते, साबणाला भरपूर फेस येतो. परंतु ते अनेकदा किंचित आम्लधर्मी असते. खाडीकाठच्या विहिरींची गोष्ट याच्या उलट आहे. सप्टेंबरात गोड असलेले पाणी एप्रिल-मे महिन्यांत, विशेषतः उधाणाच्या भरतीनंतर, मचूळ लागू लागते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात क्लोराइड सुमारे १९,००० मिलिग्रॅम असते. म्हणजे विहिरीच्या ९९ लिटर पाण्यात समुद्राचे केवळ १ लिटर मिसळले, तरी क्लोराइड प्रति लिटर १९० मिलिग्रॅमने वाढते, आणि हा फरक पुष्कळांच्या जिभेला कळतही नाही. पिण्याच्या पाण्याच्या १०५०० क्रमांकाच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा २५० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसल्यास १,००० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. बॉयलरच्या पुस्तिकेतली मर्यादा सहसा याहून बरीच खाली असते. त्यामुळे माणसाला चाललेले पाणी धातूला चालेलच असे नाही.

म्हणून पाण्याची तपासणी दोनदा करावी: एकदा मे अखेरीस, पाऊस सुरू होण्याआधी, आणि एकदा पावसानंतर. उन्हाळ्यात टँकर येत असेल तर त्याचाही नमुना घ्यावा, कारण तो कुठल्या विहिरीवर भरला जातो याची खात्री कोणीच देत नाही.

४. बंद सर्किटमधल्या पाण्याचा सामू किती असावा आणि तो कशाने मोजावा?

सामू (पीएच) म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे हे सांगणारा आकडा; ७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी. ॲल्युमिनियम असलेल्या बॉयलरसाठी अनेक उत्पादक ६.५ ते ८.५ असा सामू मागतात; काही ९ पर्यंत सूट देतात. आपल्या बॉयलरच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तोच अंतिम मानावा. अडचण अशी की पोलाद आणि तांबे यांना याहून अधिक अल्कधर्मी, म्हणजे ९ ते १० च्या आसपासचे पाणी मानवते. म्हणून पोलादी बॉयलरवर वर्षानुवर्षे काम केलेला अनुभवी माणूस सवयीने सामू वाढवणारे रसायन घालतो आणि ॲल्युमिनियमचे नुकसान करून बसतो. त्याचा हेतू चांगला असतो, फक्त धातू बदललेला असतो.

मोजण्यासाठी रंगपट्टी अंदाजापुरती ठीक आहे, परंतु ८.३ आणि ९ यांतला फरक तिच्यावर भरवशाने दिसत नाही. हातात मावणारा डिजिटल मीटर घ्यावा आणि दर वेळी ७ व ९.२ सामूच्या द्रावणांत बुडवून तो जुळवून घ्यावा. नमुन्याची बाटली काठोकाठ भरून लगेच बंद करावी आणि पाणी निवल्यावर मोजमाप करावे. नवीन भरलेल्या पाण्याचा सामू सुरुवातीचे काही आठवडे आपोआप सरकतो. त्यामुळे पहिल्या दिवशीचा आकडा पाहून रसायन न घालता दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे आणि मगच निर्णय घ्यावा.

५. क्षारांसाठी सॉफ्टनर बसवला आहे. त्याचेच पाणी बॉयलरच्या सर्किटमध्ये भरू का?

मीठ घालून चालणाऱ्या सॉफ्टनरचे पाणी ॲल्युमिनियमच्या बंद सर्किटमध्ये भरू नये. सॉफ्टनर कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम देतो, म्हणजे क्षार कमी होत नाहीत, फक्त बदलतात. पाण्यातले सोडियम बायकार्बोनेट तापले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सामू आपोआप वर चढतो. आज ७.५ असलेले पाणी काही आठवड्यांत ९ ओलांडू शकते. शिवाय सॉफ्टनर क्लोराइड अजिबात काढत नाही, आणि धुलाई नीट झाली नाही तर उलट वाढवतो.

बंद सर्किटसाठी डीमिनरलाइज्ड, म्हणजे क्षार काढून टाकलेले पाणी वापरावे. सर्किट लहान असेल तर बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी चालते. आंघोळीच्या पाण्याच्या बाजूला, प्लेटवर खडा जमू नये म्हणून, सॉफ्टनर खुशाल ठेवावा.

६. मग छपरावरचे पावसाचे पाणी भरले तर? ते तर नैसर्गिक डिस्टिल्डच आहे.

कल्पना वाईट नाही, पण छप्पर स्वच्छ नसते. पागोळ्यांबरोबर शेवाळ, पक्ष्यांची विष्ठा, पत्र्याचे जस्त आणि किनाऱ्यालगत वाऱ्याने बसलेले मीठही येते. पावसाचे पाणी विहिरीला द्यावे, बॉयलरला देऊ नये.

७. बॉयलरचे प्रेशर दर आठवड्याला उतरते. आम्ही पाणी भरून ते पुन्हा वर आणतो. यात काही गैर आहे का?

आम्ही पाहिलेल्या बिघाडांपैकी सर्वांत महाग पडलेले बिघाड याच सवयीतून आले आहेत. बंद सर्किटमधल्या पाण्यातला ऑक्सिजन पहिल्या काही दिवसांत संपतो आणि त्यानंतर ते पाणी जवळजवळ निरुपद्रवी होते. प्रत्येक वेळी ताजे पाणी भरले की ऑक्सिजन, क्षार आणि क्लोराइड यांचा नवा हप्ता आत जातो.

एका रिसॉर्टमध्ये झाडांना पाणी घालणारा माळीच रोज सकाळी बॉयलरचा भरणीचा कॉक फिरवून प्रेशरचा काटा दीड बारवर (बार हे दाबाचे एकक) आणून ठेवत असे. त्याला तसे सांगितलेले होते आणि त्याने ते काम दोन हंगाम एकही दिवस न चुकता केले. तक्रार आली ती पाणी कोमट येते म्हणून. गाळणीचे झाकण उघडले, तेव्हा जाळीवर तांदळाच्या पेजेसारखा पांढरट, बुळबुळीत गाळ बसलेला होता. तो ॲल्युमिनियमचा हायड्रॉक्साइड होता, म्हणजे काही महिन्यांपूर्वीपर्यंत जो हीट एक्स्चेंजर होता त्याचाच भाग. मूळ दोष हीट एक्स्चेंजरचा नव्हता, एक्स्पान्शन टाकीचा पडदा फाटला होता.

पाणी तापले की फुगते. सर्किटमधले ३०० लिटर पाणी ३० अंशांवरून ७० अंशांवर गेले की सुमारे साडेपाच लिटरने वाढते. ही वाढ एक्स्पान्शन टाकीतल्या हवेच्या बाजूने सामावून घ्यायची असते. पडदा फाटला किंवा हवा कमी झाली की प्रेशर चढते, सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर टाकतो आणि थंड झाल्यावर काटा खाली दिसतो. तपासणी सोपी आहे. टाकीला सायकलच्या ट्यूबसारखा वाल्व्ह असतो, त्याची पिन क्षणभर दाबावी. हवा आली तर पडदा शाबूत आहे. पाणी आले तर टाकी बदलावी लागेल. हवेचे प्रेशर मात्र सर्किटमधले पाण्याचे प्रेशर शून्यावर आणूनच मोजावे. बॉयलरच्या वर जितकी पाण्याची उंची असेल त्यानुसार, दर १० मीटरला १ बार हा हिशेब धरून, त्याहून थोडे अधिक ठेवावे.

भरणीच्या नळीवर एक साधा वॉटर मीटर बसवावा. वर्षभरात किती लिटर नवे पाणी गेले, हे त्यावरून कळते, आणि तो आकडा लपवता येत नाही.

८. सेफ्टी व्हॉल्व्हमधून सारखे थेंब पडतात. तिथे प्लग मारला तर?

कधीही मारू नये. तो व्हॉल्व्ह, जो अशा बॉयलरवर बहुधा ३ बारचा असतो, स्फोट टाळण्यासाठी असतो. थेंब पडण्याचे कारण बहुतेक वेळा प्रश्न ७ मध्ये सांगितलेलेच असते. ते दूर केल्यावरही थेंब थांबले नाहीत, तर व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकलेला असतो किंवा ती झिजलेली असते, आणि अशा वेळी व्हॉल्व्ह बदलावा.

९. बॉयलरखाली रोज पाणी दिसते, पण काटा उतरत नाही. ही गळती समजायची का?

काटा स्थिर असेल तर सर्किट फुटलेले नाही. ते पाणी बहुधा धुरातून आलेले असते. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, आणि परतीचे पाणी साधारण ५५ अंशांपेक्षा थंड असेल तर ती वाफ हीट एक्स्चेंजरवरच निवते. असा बॉयलर त्यासाठीच बनवलेला असतो. वाफेतली उष्णता वाचते म्हणूनच तो कमी गॅस खातो. हे निवलेले पाणी एका नळीने बाहेर गेले पाहिजे. ती तुंबली की ते बॉयलरच्या तळातून ठिबकू लागते.

पावसाळ्यात आणखी एक शक्यता असते. थंड पाण्याच्या पाइपवर दमट हवेतले दव धरते आणि पाइपवरून ओघळून तळाशी जमते. पाइप कोरडा पुसून त्यावर वर्तमानपत्राचा कागद गुंडाळावा. कागद सगळीकडून सारखा ओला झाला तर ते दव आहे, एकाच रेषेत भिजला तर वरची जोडणी पाहावी.

खरी गळती शोधायची असेल तर भरणीचा कॉक पूर्ण बंद करून, बॉयलर थंड असताना, काटा संध्याकाळी टिपावा आणि सकाळी पुन्हा पाहावा. जोडणीवरच्या डागाचा रंगही खूप सांगतो: हिरवट डाग तांबे-पितळेचा, तांबूस लोखंडाचा, आणि पांढरी पूड ॲल्युमिनियमची किंवा सुकलेल्या क्षारांची. दोहोंपैकी कोणती हे ठरवायला तिच्यावर लिंबाचा थेंब टाकावा. फसफसली तर तो पाण्यातला चुना असण्याची शक्यता अधिक.

१०. धुरातून निवलेल्या त्या पाण्याची नळी कुठे आणि कशी सोडावी?

हे पाणी आम्लधर्मी असते, त्याचा सामू साधारण ३ ते ५ असतो. म्हणून नळी प्लास्टिकचीच असावी. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) किंवा तांब्याची नळी आतून खाल्ली जाते. नळीला सलग उतार द्यावा, वळणात पाणी साचलेले राहील असा ट्रॅप ठेवावा आणि बराच काळ बंद ठेवलेला बॉयलर पुन्हा सुरू करताना तो ट्रॅप पाण्याने भरलेला आहे ना, हे पाहावे, नाहीतर धूर खोलीत येतो.

पाणी सेप्टिक टाकीत किंवा बागेत सोडण्यापूर्वी संगमरवराच्या खड्यांच्या डब्यातून न्यावे. किनाऱ्यावरच्या शिंपल्या वापरू का, असे काहीजण विचारतात. शिंपल्याही कॅल्शियम कार्बोनेटच्याच असतात, त्यामुळे रसायनशास्त्र बरोबर आहे. पण त्यांच्याबरोबर वाळू आणि मीठ येते व डबा लवकर तुंबतो. भाजलेला चुना मात्र कधीच घालू नये.

११. स्विमिंग पूलची पावडर आणि क्लोरीनचे कॅन बॉयलरच्याच खोलीत ठेवतो. चालेल का?

ती ताबडतोब हलवावीत. बॉयलर जळण्यासाठी खोलीतली हवा घेतो. त्या हवेत क्लोरीनची वाफ असेल तर ज्वाळेतून गेल्यावर तिचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते आणि ते प्रश्न ९ मधल्या निवणाऱ्या पाण्यात मिसळून हीट एक्स्चेंजरला धुराच्या बाजूने भोके पाडते. अशा वेळी सर्किटमधले पाणी कितीही उत्तम ठेवले तरी उपयोग होत नाही. ब्लीचिंग पावडर, फरशीचे ॲसिड आणि रंगाचे थिनर यांनाही हेच लागू आहे.

बाहेरून हवा घेणारा बॉयलर असेल तर तिचे तोंड समुद्राकडे ठेवू नये. नैऋत्येचा वारा जून ते सप्टेंबर मिठाचे तुषार थेट आत नेतो. घराच्या पूर्वेकडच्या, आडोशाच्या भिंतीतून हवा घ्यावी.

१२. तांब्याचा पाइप, पितळेचे व्हॉल्व्ह, जीआयचे निपल आणि ॲल्युमिनियमचा बॉयलर: सगळे एकमेकांना जोडले तर काय होते?

भिन्न धातू ओलाव्यातून एकमेकांना जोडले गेले की लहानशी बॅटरी तयार होते आणि त्यात कमी प्रतिष्ठित, म्हणजे रासायनिकदृष्ट्या अधिक क्रियाशील, धातू झिजतो. ॲल्युमिनियम या क्रमात तांबे, पितळ आणि पोलाद या तिघांच्याही खाली येते. पाणी जितके खारे तितकी ही बॅटरी जोरात चालते. उत्पादकाने बॉयलरला जोडणीची जी तोंडे दिली असतील त्यांवरच, मध्ये विद्युतरोधक युनियन (पाइप जोडणारा सांधा) घालून, पुढचा पाइप न्यावा.

याहून लपलेला प्रकार म्हणजे तांब्याचे कण. आम्लधर्मी पाणी तांब्याच्या पाइपमधून थोडे तांबे विरघळवून घेते आणि तेच पुढे ॲल्युमिनियमवर किंवा जीआयवर जाऊन बसते. प्रत्येक कणाभोवती एक खड्डा पडतो. एकाच बंद सर्किटमध्ये तांबे आणि ॲल्युमिनियम ठेवावेच लागले, तर दोन्हींसाठी मान्य असलेले इन्हिबिटर (गंज रोखणारे रसायन) उत्पादकाच्या प्रमाणात घालावे आणि त्याचे प्रमाण दरवर्षी तपासावे. अर्धवट प्रमाणात घातलेले इन्हिबिटर काही वेळा न घातल्यापेक्षा वाईट ठरते, कारण झीज उरलेल्या थोड्याशा उघड्या जागीच एकवटते.

१३. बारीक गळती आहे. गळती बुजवणारे द्रव सर्किटमध्ये ओतावे का?

ॲल्युमिनियमच्या बॉयलरमध्ये ओतू नये. ते गळतीपेक्षा आधी हीट एक्स्चेंजरच्या बारीक वाटा बुजवते. बाहेरून इपॉक्सी लावणे हाही पुढची खेप येईपर्यंतचाच उपाय आहे. पूर्वी बंबाला तांबट डाख लावून देत असे आणि तो पुढची दहा वर्षे चाले. ओतीव ॲल्युमिनियमला तशी दुरुस्ती जागेवर करता येत नाही.

१४. एअर व्हेंट उघडला की प्रत्येक वेळी हवा निघते. एवढी हवा येते कुठून?

ती हवा नसण्याची शक्यता आहे. ॲल्युमिनियम झिजताना हायड्रोजन तयार होतो आणि सर्किटच्या सर्वांत उंच जागी साठतो. म्हणून व्हेंट उघडताना जवळ ज्योत, उदबत्ती किंवा विडी नसावी आणि खिडकी उघडी असावी. दर पंधरवड्याला वायू काढावा लागत असेल तर त्याच दिवशी सामू मोजावा (प्रश्न ४) आणि गाळणी उघडून पाहावी (प्रश्न ७). लोहचुंबकाचा फिल्टर बसवलेला असला तरी तो फक्त लोखंडाचा काळा गाळ धरतो; ॲल्युमिनियमचा पांढरा गाळ त्यातून निसटतो.

१५. पुस्तिकेत आतून सफाई करा असे आहे. प्लंबर फरशीचे ॲसिड वापरतो. हरकत आहे का?

हरकत आहे. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते. कॉस्टिक सोडा तितकाच घातक आहे, त्याने तर ॲल्युमिनियम डोळ्यांदेखत फसफसते. पाण्याच्या बाजूसाठी फक्त ॲल्युमिनियमला मान्य असलेले, उत्पादकाने नाव दिलेले द्रावण वापरावे आणि नंतर स्वच्छ पाण्याने, निघणाऱ्या पाण्याचा सामू भरलेल्या पाण्याइतका येईपर्यंत, धुवावे. धुराच्या बाजूसाठी साधे पाणी आणि बिगरधातूचा ब्रश पुरतो. तारेचा ब्रश वापरला तर त्याचे पोलादी कण रुतून बसतात आणि तिथूनच खड्डे सुरू होतात.

१६. थंडीत गोठू नये म्हणून कूलंट घालावा, असे परदेशी पुस्तिकेत लिहिले आहे.

कोकण किनाऱ्यावर पाणी गोठत नाही, त्यामुळे गरज नाही. गाडीचा कूलंट तर घालूच नये.

१७. हीट पंपाच्या जाळीवर पांढरी पूड धरली आहे आणि पाती बोटाने तुटतात. अवघी तीन वर्षे झाली. तो तर पावसात भिजू नये म्हणून आडोशालाच ठेवला होता!

आडोशानेच घात केला. तांब्याच्या नळीवर ॲल्युमिनियमची पाती ही रचना मुळातच प्रश्न १२ मधली बॅटरी आहे, आणि तिला चालू ठेवायला लागते ते मीठ खारा वारा आणून देतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओले होते, आणि आपल्याकडे ही स्थिती वर्षातला बराच काळ असते. उघड्यावर असलेली जाळी निदान पावसाने धुतली जाते. छपराखालची जाळी मीठ साठवत राहते.

किनाऱ्यालगत असाल तर पंधरवड्याने, आत असाल तर महिन्याने, वीज बंद करून, विहिरीच्या गोड पाण्याने आणि बागेच्या नळीच्या हलक्या धारेने जाळी धुवावी. जोराच्या धारेने पाती वाकतात. एसी धुण्याचे अल्कधर्मी फेस येणारे द्रव टाळावे. खरेदी करताना कारखान्यातच संरक्षक लेप दिलेली जाळी मागावी; नंतर हाताने फवारलेला रंग पात्यांच्या मधोमध पोचत नाही.

१८. सोलरची ॲल्युमिनियमची चौकट पायथ्याशी खाल्ली गेली आहे. वरून मात्र चकाचक आहे.

पाया ताज्या सिमेंटमध्ये रोवला असणार. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते, म्हणजे प्रश्न १ मधला सोडाच. पायाला डांबरी रंगाचे दोन हात द्यावेत किंवा रबराची पट्टी घालून बोल्टने बसवावे. बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टीलचे, नायलॉनच्या वॉशरसह असावेत. लहान स्टीलचा बोल्ट आणि मोठी ॲल्युमिनियमची चौकट ही जोडी त्यातल्या त्यात निभावते. मोठ्या पोलादी पत्र्यात ॲल्युमिनियमचे लहान रिव्हेट मारले तर ते लवकर जातात, कारण सगळी झीज त्या चिमुकल्या जागेवर येते.

१९. पावसाळ्यात दोन महिने रिसॉर्ट बंद असते. बॉयलरचे पाणी काढून ठेवावे का?

बंद सर्किटचे पाणी काढू नये. ते आत राहिलेले बरे. रिकामे केले की आत हवा जाते, तळाशी ओल राहते आणि अर्धवट ओल्या धातूइतके लवकर काहीच गंजत नाही. आंघोळीच्या पाण्याची टाकी मात्र रिकामी करावी, आणि पुन्हा सुरू करताना ती धुऊन, पाणी ६० अंशांवर तापवून, सर्व नळ सोडून मगच पाहुण्यांना द्यावे. साचलेल्या कोमट पाण्यात घातक जंतू वाढतात.

आगोटीची कामे करताना धुराड्याच्या आणि हवेच्या तोंडाला बारीक जाळी लावलेली आहे ना, हेही पाहावे. कुंभारमाशीला बर्नरच्या नळीइतकी सोयीची जागा दुसरी मिळत नाही. ऑगस्टअखेर, गणपतीच्या गर्दीच्या तोंडावर बॉयलर पेटत नाही म्हणून येणाऱ्या कित्येक फोनांचे कारण मातीची एक गोळी असते.

२०. आम्ही मुंबईला असतो. गावच्या घरातला गिझर फक्त गणपती आणि शिमग्याला लागतो, तरी टाकी गळली. असे का?

न वापरलेल्या टाकीतही पाणी असतेच आणि ते रात्रंदिवस काम करत राहते. लेप दिलेल्या पोलादी टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो. टाकीऐवजी तो झिजतो. खाडीकाठच्या एका घरातला दांडा आम्ही बाहेर काढला, तेव्हा बोटाएवढ्या जाडीचा तो दांडा मधल्या तारेवर चिकटलेल्या दोन-तीन खडूच्या तुकड्यांपुरताच उरला होता. मचूळ पाण्यात तो भराभर संपतो. जांभ्याच्या अतिमृदू पाण्यात उलट अडचण येते: पाण्यातून वीज नीट वाहत नाही, दांडा जसाच्या तसा राहतो आणि टाकी झिजते. म्हणून दांडा वर्षातून एकदा पाहावा आणि अर्ध्याहून अधिक झिजला असेल तर बदलावा.

जाताना वीज बंद करून टाकी रिकामी करावी. आल्यावर आधी गरम पाण्याचा नळ उघडून त्यातून सलग धार येईपर्यंत बटण दाबू नये, नाहीतर कोरडी कॉइल जळते. पहिल्या दिवशी पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास आला तर तो साचलेल्या पाण्यातल्या जिवाणूंचा आणि त्या दांड्याचा एकत्रित परिणाम असतो. टाकी धुऊन पूर्ण तापवल्यावर तो जातो. सारखा येत असेल तर ॲल्युमिनियम-जस्ताचा दांडा बसवून घ्यावा.

२१. बॉयलर म्हटले की सरकारी तपासणी लागते ना?

१९२३ च्या बॉयलर कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. त्याची व्याख्या दाबाखाली वाफ तयार करणाऱ्या पात्रांना लागू होते. पाणी १०० अंशांच्या खालीच तापवणारा बॉयलर तीत येत नाही. आंब्याच्या कॅनिंगचा वाफेचा बॉयलर मात्र येतो. तो पोलादाचा असतो आणि त्याच्या पाण्याचे नियम वेगळे असतात, त्यामुळे या पानावरचे सामूचे आकडे त्याला लावू नयेत.

२२. मच्छीमारी खात्याकडे ॲल्युमिनियमच्या बोटी आहेत असे ऐकतो. त्या थेट समुद्रात टिकतात, मग आमचा बॉयलर गोड पाण्यात का खाल्ला जातो?

ॲल्युमिनियमची बोट, कोणाचीही असो, वेगळ्या मिश्रधातूची असते. बोटीसाठी साडेचार टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असलेला आणि तांबे जवळजवळ नसलेला पत्रा वापरतात. बॉयलरच्या ओतकामात सुमारे दहा टक्के सिलिकॉन असते, कारण त्याशिवाय रस बारीक वाटांत नीट वाहत नाही. शिवाय समुद्राचे पाणी थंड असते आणि त्याचा सामू ८ च्या जवळ, म्हणजे ॲल्युमिनियमला मानवणारा, असतो. बोटीवरही तांब्याची तार किंवा पितळेचा खिळा तळात पडून राहिला, तर तिथे भोक पडतेच.

२३. पाण्याचा अहवाल चांगला, सामू ७.८, वर्षभरात नवे पाणी फक्त चार लिटर. तरीही हीट एक्स्चेंजरला भोक पडले. आता कोणाला दोष द्यावा?

दोष ठरवण्यापूर्वी काढलेला तुकडा टाकून देऊ नये, तो आडवा कापून घ्यावा. खड्डा पाण्याच्या बाजूने रुंद आणि धुराच्या बाजूने टोकदार असेल तर झीज पाण्याकडून सुरू झाली. याच्या उलट असेल तर हवा आणि धूर तपासावा (प्रश्न ११). खड्डे नसून चीर असेल, तर बहुधा पाणी पुरेशा वेगाने फिरत नव्हते: गाळणी तुंबली, पंप कमी ताकदीचा पडला किंवा कोणीतरी व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवला की धातू एका जागी जास्त तापतो आणि पाणी तिथल्या तिथे उकळू लागते. बॉयलर चालताना किटलीसारखा आवाज येत होता का, हे तिथे काम करणाऱ्याला विचारावे. मालकापेक्षा त्याला ते अधिक नक्की माहीत असते. आणि चीर दोन भागांच्या जोडावर, गास्केटच्या कडेने असेल, तर मागच्या दुरुस्तीत बोल्ट टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) क्रमाने आवळले होते की हाताच्या अंदाजाने, हे विचारून घ्यावे.